लेबरला हवा लागते

इंडियाची मॅच चालू असली की काकांना टीव्ही लागायचा नाही. आमच्या प्लांटच्या तोंडाशी एक मोठी विहीर आहे, अर्ध्या शहराचं सांडपाणी तिच्यात येऊन पडतं. तिच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहायचे. पाणी संथ येत असलं की म्हणायचे, "कोनी जागचं उठून नाही राहिलं. मॅच रंगली हाय." मग एकाएकी पाणी चढायचं, पंप धापा टाकायला लागायचा आणि काका मान हलवायचे. "झालं. इनिंग संपली. सगळे एका टायमाले मोरीत गेले."

मी मोबाइलवर स्कोअर पाहायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

शहरात काय चाललंय ते त्यांना पाण्यावरून कळायचं. रविवारी फेस जास्त आला की म्हणायचे, आज सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या. लग्नसराईत तेलाचा तवंग यायचा. होळीनंतर दोन दिवस पाणी गुलाबी. एकदा सकाळी सकाळी विहिरीत डोकावून म्हणाले, "आज पेपर हाय वाटते पोरायचा. पाहाटं चारलेच पानी चालू झालं." बारावीचा पेपर होता खरंच.

आमचा प्लांट म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट. भिलाईत 'प्लांट' म्हटलं की लोकांना एकच प्लांट आठवतो, तो लोखंडाचा. त्यामुळे मी कुठं काम करते असं कोणी विचारलं आणि मी 'प्लांटमध्ये' म्हटलं की समोरचा खूश व्हायचा, पुढचं वाक्य ऐकेपर्यंत. मला सुरुवातीला ते पुढचं वाक्य बोलायला जड जायचं, खोटं कशाला बोलू. काकांना नाही. ते पुढचं वाक्यच आधी बोलायचे. "आपण सारं भिलाई जे खाली सोडते, थे सुदरवतो." आणि वर, "त्यायचा प्लांट लोखंड बनवते, आपला पानी बनवते. लोखंड नसलं तं मानूस पायी जाइन. पानी नसलं तं कुठी जाइन?"

ते आमच्याकडे ऑपरेटर होते. शिक्षण आठवी. वडील नंदिनी नगरच्या चुन्याच्या खदानीत कामाला आले, मूळ गाव भंडाऱ्याकडचं, आणि काका अजून तिथंच राहायचे. रोज एका म्हाताऱ्या मोपेडवर यायचे. तिचा आवाज इतका मोठा की त्यांना गेटवर कधी हॉर्न वाजवावा लागला नाही.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा त्या लोखंडाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनला होते. मला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा त्यांनी पावर हाउस बाजारातल्या पेंटरकडून माझ्या नावाची पाटी करून आणली आणि क्वार्टरच्या दाराला ठोकली. नावापुढं बी.एस्सी. पेंटरनं दोन टिंबं जास्त दिली होती. ती पाटी आजही तशीच आहे, बाबा टिंबं पुसू देत नाहीत.

पहिल्या दिवशी काका मला 'मॅडम' म्हणाले. तिसऱ्या दिवशी 'मॅडम' गेलं नि 'बीएस्सी' आलं, ते शेवटपर्यंत. "ए बीएस्सी, इकडं ये. वास घे."

"कशाचा?"

"आधी घे. मंग सांग कशाचा."

नाक हे त्यांचं अवजार होतं आणि त्याला ते फार जपायचे. गुटखा नाही, तंबाखू नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. आमच्याकडे पुरुषाच्या तोंडात काहीतरी असतंच, त्यामुळे लोकांना वाटायचं काकांना काही नवस आहे. विश्वकर्मा पूजेला प्रत्येक मशीनपुढं अगरबत्ती लागते. काका पंडितजींच्या हातातून पुडा काढून घ्यायचे.

"बिना धूप के पूजा नहीं होती, दादा," पंडितजी म्हणायचे.

"फूल दो, नारियल दो. धुआँ मत दो. मेरेको दिनभर नाक से काम करना है. भगवान तो आँख बंद करके भी देख लेते हैं."

पंडितजी दरवर्षी रुसायचे आणि दरवर्षी यायचे.

दुसरी तऱ्हा म्हणजे ते प्लांट उलटा फिरायचे. बाकी सगळे समोरून सुरू करतात, जिथं पाणी आत येतं तिथून. काका मोपेड लावून सरळ मागच्या भिंतीशी जायचे, जिथून साफ झालेलं पाणी नाल्यात पडतं. तिथं उकिडवे बसायचे, ओंजळ भरायचे, वास घ्यायचे, बोटांत बोटं चोळून पाहायचे. मग तिथून एकेक टाकी मागं मागं येत शेवटी विहिरीपाशी पोचायचे. मी एकदा विचारलं, "काका, उलटं कावून फिरता?"

"समोरून पाह्यला तं कोनाचाही प्लांट चांगलाच दिसते," ते म्हणाले. "समोर फुलायच्या कुंड्या हायत. नाल्याले कुंड्या दिसते का?"

आता त्यांच्या लेबरबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या प्लांटचं काम तसं सोपं आहे. जाळीत चिंध्या आणि प्लास्टिकच्या पन्न्या अडकतात. वाळू खाली बसते. मग पाणी एका मोठ्या टाकीत जातं, तिथं खालून रात्रंदिवस हवा सोडलेली असते. त्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि खरं काम ते करतात. घाण खातात, वाढतात, जड होतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. ते नाल्यात जातं. नाला खालच्या गावाच्या भाजीच्या बाड्यांजवळून, म्हणजे मळ्यांजवळून जातो, गावच्या तलावात उतरतो आणि तलाव भरला की पुढं शिवनाथ नदीला.

मी त्या जीवांना बॅक्टेरिया म्हणायची. काका त्यांना लेबर म्हणायचे.

गंमत म्हणून नाही. ते खरोखरच लेबरसारखं त्यांच्याकडं पाहायचे. हवेचा ब्लोअर बंद पडला की म्हणायचे, "लेबरले श्वास नाही भेटून राहिला, आधी थे पाहाय, चहा मंग." पाणी पातळ आलं, खायला कमी असलं, की "लेबर उपाशी हाय." दिवाळीत शहर रिकामं झालं, लोक गावी गेले, की पाणी कमी यायचं. तेव्हा काका पावर हाउसच्या बाजारातून गुळाची भेली आणायचे आणि फोडून टाकीत टाकायचे. "सगळ्यायले बोनस भेटला," म्हणायचे. "यायनं काय पाप केलं?"

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतलं पाणी भरून ते खिडकीत ठेवायचे. अर्ध्या तासात सगळा गाळ तळाशी बसला, वरचं पाणी स्वच्छ झालं, की लेबर खूश. गाळाचा रंग गुळाच्या चहासारखा आणि वास नांगरलेल्या वावरासारखा असला पाहिजे. माझ्याकडं त्याच तपासणीसाठी आकडे कोरलेलं काचेचं नळकांडं होतं. आमचा दोघांचा निकाल सारखाच यायचा, आणि मला त्याचा राग यायचा. तीन वर्षं अभ्यास करून मी बरणीच्या बरोबरीला आले होते.

लग्नाला गेले तरी त्यांना चैन पडायचं नाही. जुनवानीला आमच्या स्टाफमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाडी जेवत होते आणि काका मंडपामागं, कॅटरर जिथं कढया धूत होता, तिथं मोरीच्या तोंडावर खुर्ची टाकून बसले होते. कॅटरर म्हणाला, "अंकलजी, खाना उधर है."

"मालूम है. तेल इधर है. तुम ये तेल नाली में डालोगे, सुबह मेरा लेबर चिकना हो जाएगा. डब्बे में भरो."

शेवटी कॅटररनं तेल डब्यात भरलं. मुलीचे वडील मला हळूच म्हणाले, "तुमचे काका नातेवाइकांपेक्षा भारी पडले बाप्पा." काका जेवायला बसले तेव्हा पंगत उठली होती. त्याचं त्यांना काही नव्हतं.

असा माणूस. आणि त्याचा सगळा लेबर मी एका दुपारी मारला.

उन्हाळ्याचे दिवस होते. रायपूरहून पाहणीला पथक येणार होतं. साहेब, म्हणजे आमचे इंजिनियर, नवीनच बदलून आले होते. मला बोलावून म्हणाले, "मैडम, बस बदबू नहीं आनी चाहिए. आप केमिस्ट हैं, देख लीजिए."

भिलाईत वाढलेल्या कोणालाही पाहणी म्हटलं की काय करायचं ते शिकवावं लागत नाही. लहानपणी आमच्या सेक्टरमध्ये रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ दिसली की समजायचं, कोणी मोठा माणूस येणार. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना आणि नालीच्या कडेनं ब्लीचिंग पावडर. तो वास म्हणजे आमच्यासाठी स्वच्छतेचा वास. मी शाळेत झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी स्वतः ती रेघ ओढलेली आहे.

त्या दिवशी काकांची साप्ताहिक सुटी होती. मी स्टोअरमधून ब्लीचिंगची पोती काढायला लावली. थोडं रस्त्याच्या कडेला, आणि बाकी सगळं, वास मुळातूनच जावा म्हणून, विहिरीत. जाळीवरचा एक जुना कामगार म्हणाला, "मैडम, दादा को पूछ लेते." मी म्हटलं, "मैं बोल रही हूँ न." संध्याकाळी प्लांटला झेंडावंदनाचा वास येत होता. साहेब म्हणाले, "वाह."

ब्लीचिंग जंतू मारतं, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. टाकीतले ते जंतूच आपले कामगार आहेत, हे रोज ऐकत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडचा आवाज आला, बंद झाला. मी खिडकीतून पाहिलं. काका मागच्या भिंतीशी गेले, बसले, ओंजळ भरली. आणि ओंजळ तशीच हातात धरून बसून राहिले. मग उठले आणि नाल्याच्या फाटकाचं लोखंडी चाक फिरवायला लागले. साठीजवळचा माणूस, एकटा, दोन्ही हातांनी. फाटक बंद करून ते पाणी बाजूच्या जुन्या तळ्यांकडं वळवत होते. ती तळी पूर्वीच्या काळची, वापरात नव्हती, जलपर्णी माजलेली.

मी धावत गेले. बरणी त्यांच्याजवळ जमिनीवर होती. आतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं, काहीच खाली बसत नव्हतं.

"लेबर मेला," ते म्हणाले. "कोनं काय टाकलं?"

जाळीवरचा कामगार जवळच उभा होता. तो माझं नाव घेणार नव्हता, हे मला दिसत होतं.

"मी," मी म्हटलं. "ब्लीचिंग."

"किती पोते?"

मी सांगितलं. त्यांनी चाकावरचे हात पुसले. मी वाट पाहत होते की आता ओरडतील. ते म्हणाले, "हवा पूर्ण सोड. जेवढा वाचला तेवढ्याले श्वास तं भेटू दे. मी दुसरा लेबर आनतो."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहान प्लांट आहे. तिथला जिवंत गाळ आणून आपल्या टाकीत टाकायचा, विरजण लावतात तसं. साहेबांनी नाराजीनं टँकर दिला. मी सोबत गेले, कारण काका म्हणाले, "मारले तू, आनाले बी चाल."

तिकडून निघताना गेटवर नवीन गार्ड होता. त्यानं काठी आडवी केली.

"टैंकर में क्या है?"

"लेबर," काका म्हणाले.

गार्डनं टँकरकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. "कितने आदमी?"

"गिनती कौन करेगा? करोड़ों में होंगे."

"अंदर भर के ले जा रहे हो? ऊपर ढक्कन लगा के?"

"ढक्कन खुला है. हवा लगती है इनको."

"गेट पास दिखाओ. सबका."

मी खाली उतरून समजावणार होते, पण काका पूर्ण गंभीर होते. "भैया, देर मत करो. हवा कम पड़ी तो शाम तक सब मर जाएँगे, फिर जवाब तुम देना." गार्ड घाबरला. शिडीवर चढला, आत डोकावला आणि नाक दाबून खाली आला. नंतर त्यानं काठी उचलली, रजिस्टरसुद्धा पुढं केलं नाही.

रस्त्यात काकांनी ड्रायव्हरला सांगितलं, "गड्ढे में से लो." भिलाईतला तो पहिला माणूस असेल ज्यानं गाडी खड्ड्यातून न्यायला सांगितली. पाणी हिंदकळलं की हवा मिसळते. ड्रायव्हर माझ्याकडं पाहत होता. मी म्हटलं, "जैसा बोल रहे हैं वैसा करो." आमची कंबर मोडली, पण लेबर जिवंत पोचला. वरून काकांनी म्हशींच्या खटालातून शेण आणलं, गूळ आणला आणि कालवून टाकीत सोडला.

त्याच दुपारी ते मला खालच्या गावात घेऊन गेले. नाल्याचं पाणी तोडलंय तर सांगायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नाला ओसरत चालला होता. कडेला एक मरारीण, म्हणजे भाजीपाला पिकवणारी बाई, तिच्या वांग्याच्या बाडीत उभी होती. काका तिला दाई म्हणायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अतेक दिन ले तोर पानी म भाँटा बोएन," ती म्हणाली. भाँटा म्हणजे वांगी. "अब कहिथस बंद?"

"ए पानी तोर भाँटा ला मार दिही, दाई. तरिया के मछरी ला घलो." हे पाणी वांगी मारेल, तलावातले मासेही.

"काबर?"

का, ते मी सांगावं म्हणून काका माझ्याकडं पाहायला लागले.

"मैंने उसमें दवाई डलवा दी थी," मी म्हटलं. "गलती मेरी है."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पढ़े-लिखे हस?"

"हाँ."

"तभे," ती म्हणाली. म्हणजे, तरीच. आणि पाठ फिरवून कामाला लागली.

परत येताना काका नाल्याच्या कडेनं हसत होते, आवाज न करता. मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. फाटक बंद, नाला कोरडा, टाकीत चिखलाचा फेस. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "रजिस्टर में मेंटेनेंस लिख दीजिए. बात खत्म." काका तिथंच होते.

"तिले काय लिहाचं थे तिले माहीत हाय," काका म्हणाले. मग साहेबांना कळावं म्हणून, "साहब, जिसने डाला, वो लिखेगी. आप क्यों तकलीफ लेते हो."

माझी नोकरी करारावरची होती. एका ओळीनं जाऊ शकत होती. बाबांनी पूर्ण नोकरीत जिथं बोट दाखवलं तिथं सही केली, काय लिहिलंय ते न वाचता, कारण वाचता येत नव्हतं. आमच्या घरात वाचून सही करणारी मी पहिली. मग खोटं वाचून त्याखाली सही करायची असेल तर शिकले कशाला?

मी लिहिलं. किती पोती, कुठं, कोणाच्या सांगण्यावरून, म्हणजे माझ्याच. खाली पूर्ण नाव. पथकातल्या एका वयस्क बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "ये आपने खुद लिखा है?" मी हो म्हटलं. काका त्यांना म्हणाले, "मैडम, प्लांट पीछे से देखोगे क्या?" आणि त्या खरंच मागून फिरल्या. नंतर मला खुलासा मागणारं पत्र आलं, साहेबांना त्याहून मोठं आलं. नोकरी राहिली. का राहिली ते कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

खरी कसोटी त्यानंतर होती. जुनी तळी रोज चढत होती. कडेला आधी हातभर जागा होती, मग वीतभर. तळी फुटली असती तर सगळंच पाणी एकदम नाल्यात गेलं असतं. तिकडं बाडीतली वांगी माना टाकायला लागली होती. आणि टाकीत लेबर रोज थोडा थोडा जमत होता. काका बरणी दाखवायचे, "पाहाय, आज बसाले लागला. पाहाय, आज रंग आला."

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी ओंजळ भरली, वास घेतला आणि म्हणाले, "झालं. खोलाले हरकत नाही."

साहेब तेवढ्याचीच वाट पाहत होते. "खोल दो फिर."

मी म्हटलं, "तीन दिवस थांबा."

आमच्याकडं एक तपासणी असते. पाणी बाटलीत भरून ठरलेल्या तापमानाच्या पेटीत तीन दिवस बंद ठेवायचं आणि त्यातला किती प्राणवायू खाल्ला गेला ते मोजायचं. जास्त खाल्ला गेला तर पाण्यात अजून घाण आहे. ती तपासणी घाईत होत नाही. साहेब वैतागले. "मैडम, पुराना तालाब भर गया है, और दादा बोल तो रहे हैं."

"दादा की नाक है, सर. मेरी साइन है."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले. त्या नाकावर हा प्लांट इतकी वर्षं चालला होता. मी ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर नाकारलं, आणि तेही लेबर मारल्यावर. काका खाली पाहत होते. मग त्यांनी चाकाच्या दांड्याला आपला गमछा बांधला, दोन गाठी मारल्या.

"साहब," ते म्हणाले, "नाक बोलती है खोलो. लैब बोलती है रुको. तो रुकेंगे." आणि मला, "मले वास येते थे आजचं. त्यात काय लपून हाय थे मले नाही कळत. ठेव तुह्या बाटल्या."

ते तीन दिवस काकांनी स्वतः फावडं घेऊन तळ्याच्या कडेला माती चढवली. जाळीवरचे कामगार लागले, मी लागले, दुसऱ्या दिवशी साहेबही बाह्या सारून आले, खरं बोलायला पाहिजे. पाणी बोटभर राहिलं होतं तेव्हा तिसरा दिवस उगवला.

मी बाटल्या उघडल्या, मोजलं, पुन्हा मोजलं. आकडा हद्दीच्या खाली होता. काठावर नव्हता, बऱ्यापैकी खाली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि सही केली. काका दारात उभे होते, आत आले नाहीत. लॅबमध्ये ते विचारल्याशिवाय पाय ठेवत नसत.

"पास?"

"पास."

"माह्यं नाक तीन दिस आधीच पास झालं होतं."

"तुमच्या नाकाला रजिस्टरमध्ये रकाना नाही, काका."

"मंग आखून घे ना एक," ते म्हणाले आणि फाटकाकडं गेले. गमछ्याच्या गाठी सोडल्या आणि बाजूला झाले. चाक मी फिरवलं. जड होतं, तिघांचं काम होतं ते. ते मदतीला आले नाहीत आणि मी म्हटलंही नाही.

पाणी नाल्यात पडलं. मला वाटलं झालं काम, पण काका पाण्याच्या तोंडासोबत चालायला लागले. कोरड्या नाल्यात पहिलं पाणी कसं जातं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते धावत नाही. खड्डा भरतं, थांबतं, काड्या आणि पन्न्या पुढं ढकलतं, मग पुढचा खड्डा. आम्ही त्याच्या चालीनं चाललो. प्लांटपासून गावापर्यंत एरवी पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी दुपार झाली. काका मध्येच वाकून एखादी पन्नी काढून बाहेर फेकत होते.

मरारीण बाडीच्या कडेला उभी होती. तिला लांबूनच दिसलं असावं.

"काबर अतेक दिन लगिस?" इतके दिवस का लागले, असं तिनं काकांना विचारलं.

काकांनी माझ्याकडं बोट केलं. "ए नोनी ह नाप के छोड़िस हे. मँय त तीन दिन पहिली छोड़ देतेंव."

या पोरीनं मोजून सोडलंय. मी तर तीन दिवस आधीच सोडलं असतं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणासमोर आपलं नाक कोणाच्या खाली ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिनं मला पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या हातांना चाकाचा गंज लागला होता, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

"नापे हस?" ती म्हणाली. मोजलंस का?

"हव," मी म्हटलं.

पाणी तिच्या बाडीपाशी येऊन थांबलं होतं, मातीच्या बांधाला टेकून. तिनं पदर खोचला, फावडं उचललं आणि वांग्यांकडचा बांध फोडला.